यूजीन कीओ : स्वतःचा धंदा करणाऱ्यांना पेन्शनचा हक्क मिळवून देण्यासाठी ११ वर्षं भांडलेला खासदार

१० ऑक्टोबर १९६२. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांनी एका कायद्यावर सही केली. सहाच दिवसांनी क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे फोटो त्यांच्यासमोर आले आणि जग अणुयुद्धाच्या दारात जाऊन उभं राहिलं. त्या गडबडीत हा कायदा कोणाच्या लक्षात राहण्याचं कारणच नव्हतं.

पण तो राहिला. पुढची चाळीसेक वर्षं अमेरिकेतले डॉक्टर, वकील, दुकानदार, प्लंबर आणि लेखक आपल्या म्हातारपणाच्या पैशांबद्दल बोलताना एका खासदाराचं आडनाव घेत राहिले. कीओ प्लॅन.

हे कीओ म्हणजे यूजीन जेम्स कीओ. आडनावाच्या स्पेलिंगच्या शेवटी 'जी' आणि 'एच' येतात, पण ते उच्चारायचे नाहीत. आज अमेरिकेत स्वतःचा व्यवसाय करणारा माणूस रिटायरमेंटसाठी वर्षाला हजारो डॉलर टॅक्स न भरता बाजूला टाकू शकतो, त्याची सुरुवात या माणसापासून झाली. ही सुरुवात किती छोटी होती आणि ती करून घ्यायला किती वर्षं लागली, त्याची ही गोष्ट.

ब्रुकलिनचा मुलगा

यूजीन कीओ यांचा जन्म ३० ऑगस्ट १९०७ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. १९२७ साली ते न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतून पदवीधर झाले. मग वर्षभर शहरातल्या सरकारी शाळांमध्ये शिकवलं. दुसरीकडे फोर्डहॅम युनिव्हर्सिटीत कायद्याचं शिक्षण चालू होतं, ते १९३० मध्ये पूर्ण झालं आणि १९३२ मध्ये वकिलीची सनद मिळाली.

वर्षं बघितली तर लक्षात येईल की हा काळ महामंदीचा होता. बँका बुडत होत्या, लोकांची आयुष्यभराची शिल्लक रातोरात नाहीशी होत होती. म्हातारपणी हातात काय राहणार, हा प्रश्न अमेरिकेच्या राजकारणाच्या मध्यभागी आला तो याच काळात. १९३५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सोशल सिक्युरिटीचा कायदा आणला. नोकरदाराच्या पगारातून थोडे पैसे कापायचे, मालकाने तेवढेच घालायचे आणि उतारवयात महिन्याला पेन्शन द्यायची, अशी ती योजना.

या योजनेत एक मोठा गट नव्हता. जे स्वतःच स्वतःचे मालक होते, ते सगळे बाहेर.

१९३६ मध्ये कीओ न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रूझवेल्ट प्रचंड मतांनी पुन्हा निवडून आले आणि त्या लाटेत डेमोक्रॅटिक पक्षाचे कीओ ब्रुकलिनमधून थेट वॉशिंग्टनला पोचले. वय २९. तिथल्या प्रतिनिधिगृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी होते. कीओ अशा १५ निवडणुका लागोपाठ जिंकले. ३ जानेवारी १९३७ ते ३ जानेवारी १९६७, अशी बरोबर ३० वर्षं ते खासदार होते.

एवढ्या वर्षांत त्यांना महत्त्वाची जागा मिळाली ती वेज अँड मीन्स कमिटीत. अमेरिकेत टॅक्सचा कुठलाही कायदा आधी या समितीतून जातो. जाहीर सभा गाजवणाऱ्यांचं हे काम नाही. कलमं वाचायची, आकडे तपासायचे, समोरच्या पक्षाशी तडजोड करायची, असं हे काम. कीओ यांना ते जमत होतं.

अडचण नेमकी काय होती?

समजा १९५० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये दोन अकाउंटंट आहेत.

पहिला एका कंपनीत नोकरीला आहे. पगार वर्षाला २०,००० डॉलर. कंपनी त्याच्यासाठी आणखी २,००० डॉलर पेन्शन फंडात टाकते. कंपनीला हे २,००० खर्च म्हणून दाखवता येतात. त्या माणसाला त्यावर आज टॅक्स भरावा लागत नाही. फंडात पैसे वाढत राहतात, त्या वाढीवरही टॅक्स नाही. टॅक्स लागणार तो थेट पेन्शन हातात आल्यावर. तेव्हा उत्पन्न कमी असतं, त्यामुळे टॅक्सचा दरही सहसा कमी.

दुसऱ्याचं स्वतःचं ऑफिस आहे. त्याची कमाई २२,००० डॉलर. त्यालाही म्हातारपणासाठी २,००० बाजूला टाकायचे आहेत. पण त्याने आधी पूर्ण २२,००० वर टॅक्स भरायचा, मग जे उरेल त्यातून बचत करायची, आणि त्या बचतीच्या व्याजावर दरवर्षी पुन्हा टॅक्स द्यायचा.

दोघांचं काम एक, कमाई जवळपास एक. मग फरक का? कारण कायद्याच्या दृष्टीने पेन्शन योजना ही कर्मचाऱ्यासाठी असते. स्वतःचा धंदा करणारा माणूस मालक असतो, आणि माणूस स्वतःचाच कर्मचारी कसा असेल?

यावर एक पळवाट होती. धंद्याची कंपनी करायची आणि त्या कंपनीत स्वतःला नोकरीवर ठेवायचं. हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्याला हे करता येत होतं. पण डॉक्टर आणि वकिलांना बहुतेक राज्यांत कंपनी काढायला कायद्यानेच बंदी होती. मोन्टाना राज्यातल्या डॉक्टरांच्या एका गटाने कंपनीसारखी दिसणारी संस्था उभी केली, तेव्हा टॅक्स खात्याशी त्यांचा वाद कोर्टात गेला. १९५४ मध्ये तो खटला डॉक्टर जिंकले. म्हणजे पेन्शनची सवलत मिळवायला लोक थेट कोर्टकचेरीपर्यंत जात होते.

त्यात टॅक्सचे दरही आजच्यासारखे नव्हते. १९५० च्या दशकात सगळ्यात वरच्या उत्पन्नावरचा दर ९१ टक्क्यांच्या आसपास होता. त्यामुळे कमाईचा कुठला भाग टॅक्समधून सुटतो, याला फार किंमत होती.

सोशल सिक्युरिटीचं दार स्वयंरोजगारवाल्यांसाठी किलकिलं झालं ते १९५१ पासून, तेही टप्प्याटप्प्याने. दुकानदार आधी, बरेचसे शेतकरी १९५५ पासून, वकील त्यानंतर. डॉक्टर तर १९६५ पर्यंत बाहेरच होते. अर्थात डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेलाच त्या योजनेत जायचं नव्हतं, हेही खरं.

विधेयक आलं, आणि अडकलं

१९५१ मध्ये कीओ यांनी यावर विधेयक आणलं. सोबत होते डॅनियल रीड. तेही न्यूयॉर्कचेच, पण रिपब्लिकन पक्षाचे. एकाच प्रश्नावर दोन विरोधी पक्षांचे खासदार एकत्र आले होते. मागणी साधी होती. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यालाही कमाईचा ठराविक हिस्सा टॅक्स न भरता रिटायरमेंटसाठी बाजूला ठेवू द्या.

डॉक्टर, वकील यांच्या संघटना मागे उभ्या राहिल्या. विरोधाला उभं राहिलं ते अर्थखातं. सरकार बदललं, पक्ष बदलला, तरी अर्थखात्याचं म्हणणं बदललं नाही. त्यांचे आक्षेप दोन होते.

पहिला, तिजोरीचं नुकसान. दुसरा जास्त टोचणारा होता. या सवलतीचा फायदा घेणार कोण? ज्याच्याकडे खर्च भागून पैसे उरतात तो. म्हणजे मोठ्या शहरातला बडा वकील. कोपऱ्यावरच्या चपला दुरुस्त करणाऱ्याकडे बाजूला टाकायला पैसेच नसतील, तर त्याला या कायद्याचा काय उपयोग?

हा आक्षेप खोटा नव्हता. कीओ यांच्या बाजूचं उत्तरही खोटं नव्हतं. मोठ्या कंपनीच्या साहेबाला हीच सवलत आधीपासून मिळते आहे, त्यावर कोणी आक्षेप घेत नाही. मग स्वतःच्या जोरावर काम करणाऱ्यालाच का अडवायचं?

बाहेरच्या देशांनी तोवर निर्णय घेऊनही टाकला होता. ब्रिटनने १९५६ मध्ये स्वयंरोजगारवाल्यांना कमाईच्या १० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ७५० पौंडांची सवलत दिली. कॅनडाने १९५७ मध्ये कमाईच्या १० टक्के, जास्तीत जास्त २,५०० डॉलर अशी मर्यादा ठरवली.

अमेरिकेत मात्र गाडी पुढे जात नव्हती. विधेयकाला प्रतिनिधिगृहात १० नंबर मिळाला, 'एच आर १०'. पुढे लोक या योजनेलाच एच आर टेन म्हणायला लागले. १९५८ मध्ये ते प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, सिनेटमध्ये अडकलं. १९५९ मध्ये पुन्हा मंजूर, पुन्हा अडकलं. त्याच वर्षी जोडीदार रीड यांचं निधन झालं. १९६१ मध्ये प्रतिनिधिगृहाने तिसऱ्यांदा मंजूर केलं.

१९६२ : एकाच वर्षात दोन टोकं

इथे कीओ यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड काळ येतो.

केनेडी घराण्याशी त्यांचे जवळचे संबंध होते. १९६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी न्यूयॉर्कचे प्रतिनिधी केनेडींच्या मागे उभे करण्यात कीओ यांचा मोठा वाटा होता. जॉन केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी धाकटे भाऊ रॉबर्ट यांना ॲटर्नी जनरल केलं, म्हणजे देशाच्या न्याय खात्याचे प्रमुख.

आणि त्याच न्याय खात्यासमोर एक प्रकरण आलं. आरोपी होते न्यायाधीश जेम्स व्हिन्सेंट कीओ. यूजीन यांचे सख्खे भाऊ.

व्हिन्सेंट हे न्यूयॉर्क राज्याच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश होते. न्यूयॉर्कमध्ये सुप्रीम कोर्ट हे नाव खटले चालवणाऱ्या कोर्टाला आहे, सगळ्यात वरच्या कोर्टाला नाही. आरोप असा होता की दिवाळखोरीच्या एका फसवणूक प्रकरणात शिक्षा सौम्य व्हावी म्हणून पैसे घेतले गेले. त्यांच्यासोबत आरोपी होते एक माजी सरकारी वकील आणि माफियातला अँटोनियो कोरालो, ज्याला 'टोनी डक्स' म्हणत.

रॉबर्ट केनेडींसमोर पेच होता. ज्या खासदाराने भावाला राष्ट्राध्यक्ष करायला मदत केली, त्याच्याच भावावर खटला भरायचा? खटला भरला गेला. जून १९६२ मध्ये तिघेही दोषी ठरले आणि प्रत्येकाला दोन वर्षांची शिक्षा झाली. यूजीन कीओ यांच्यावर या प्रकरणात कुठलाही खटला झाला नाही. पण ब्रुकलिनमध्ये आडनाव एकच होतं.

दुसरं कोणी असतं तर कदाचित त्या वर्षी गप्प बसलं असतं. पण ११ वर्षं अडकलेलं विधेयक आता सिनेटमध्ये होतं. फ्लोरिडाचे सिनेटर जॉर्ज स्मॅदर्स यांनी तिथे ते लावून धरलं. सप्टेंबरमध्ये सिनेटने ते मंजूर केलं. केनेडींच्या स्वतःच्या अर्थखात्याचा विरोध होता. तरीही १० ऑक्टोबरला केनेडींनी सही केली.

भाऊ दोषी ठरला तो जूनमध्ये, आणि ऑक्टोबरमध्ये तेच आडनाव देशाच्या टॅक्स कायद्यावर चढलं. दोन्हीकडे केनेडीच होते.

कायदा मिळाला, पण अर्धाच

आता बघूया की ११ वर्षांनंतर हातात नेमकं काय आलं.

स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला कमाईच्या १० टक्के किंवा २,५०० डॉलर, यातली जी रक्कम कमी असेल तेवढी फंडात टाकता येणार होती. आणि टाकलेल्या रकमेच्या फक्त निम्म्या रकमेवर टॅक्सची सूट.

म्हणजे २५,००० डॉलर कमावणाऱ्या वकिलाने पूर्ण २,५०० टाकले, तर वजावट मिळणार १,२५० ची. १५,००० कमावणाऱ्या दुकानदाराने १,५०० टाकले, तर वजावट ७५० ची. आणि वर्षाला ६०,००० कमावणाऱ्या सर्जनलाही २,५०० च्या पुढे जाता येणार नव्हतं. श्रीमंतांचाच फायदा होईल या आक्षेपाला दिलेलं उत्तर म्हणजे हे वरचं कुंपण.

अजून एक अट होती. हाताखाली तीन वर्षांपेक्षा जास्त काळ पूर्णवेळ काम करणारी माणसं असतील, तर त्यांच्यासाठीही पैसे टाकायचे, आणि ते पैसे लगेच त्यांच्या हक्काचे होणार. डॉक्टरला स्वतःची पेन्शन हवी असेल तर त्याने नर्सचीही सोय करायची. ही अट कायद्यातला सगळ्यात चांगला भाग म्हणावा लागेल. पण त्यामुळे अनेक डॉक्टर-वकिलांना हिशेब परवडेना.

पैसे काढायच्या वयाचीही अट आली. साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी काढले तर दंड, आणि साडेसत्तर झाल्यावर काढायला सुरुवात करायचीच. हा अर्ध्या वर्षाचा हिशेब कुठून आला? याचं उत्तर सहसा विमा कंपन्यांच्या पद्धतीत शोधलं जातं. वय मोजताना त्या जवळचा वाढदिवस धरतात. त्या हिशेबाने साडेएकोणसाठ झाले की माणूस साठीचा.

१९६३ पासून योजना सुरू झाली आणि प्रतिसाद थंडच मिळाला. निम्मीच सूट, त्यात कर्मचाऱ्यांचा खर्च. त्यापेक्षा राज्यांकडून कायदा बदलून घेऊन आपल्या दवाखान्याची कंपनीच करावी, असं अनेक डॉक्टरांना वाटायला लागलं. १९६१ पासून एकेका राज्याने तशी परवानगी द्यायला सुरुवात केली. टॅक्स खातं त्यांच्याशीही भांडलं आणि १९६९ मध्ये थकून माघारी फिरलं.

जाता जाता उरलेला अर्धा

१९६६ मध्ये कीओ यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचं ठरवलं. हे त्यांचं शेवटचं वर्ष.

त्या वर्षी संसदेत परदेशी गुंतवणूकदारांच्या टॅक्सवर एक विधेयक चाललं होतं. प्रत्येकाने त्यात आपापली कलमं अडकवली, इतकी की लोक त्याला ख्रिसमस ट्री बिल म्हणू लागले. या झाडाच्या एका फांदीवर स्वयंरोजगारवाल्यांचं कलम होतं. निम्म्याच रकमेवर सूट ही अट रद्द. १९६८ पासून पूर्ण रकमेवर सूट. १३ नोव्हेंबर १९६६ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली.

सात आठवड्यांनी, ३ जानेवारी १९६७ ला कीओ यांची खासदारकी संपली. तेव्हा त्यांचं वय ५९ वर्षं ४ महिने होतं. स्वतःच्या कायद्यातली साडेएकोणसाठची अट पूर्ण व्हायला अजून दोन महिने होते.

त्यानंतर ते न्यूयॉर्कमध्येच राहिले. मर्यादा मात्र त्यांच्या मागे वाढत गेली.

१९७४ मध्ये पेन्शनचा मोठा कायदा आला, त्यात कीओ प्लॅनची मर्यादा कमाईच्या १५ टक्के किंवा ७,५०० डॉलर झाली. पण कंपन्यांच्या अशाच योजनांना त्याच कायद्यात २५ टक्के किंवा २५,००० डॉलरची मर्यादा मिळाली. भेदभाव कमी झाला, संपला नाही. १९८२ साठी ही मर्यादा १५,००० झाली, तेव्हा कंपन्यांची ४५,४७५ वर पोचली होती.

मग १९८२ च्या एका कायद्याने प्रश्न सोडवला, आणि तोही गमतीशीर पद्धतीने. कंपन्यांची मर्यादा खाली आणली, स्वयंरोजगारवाल्यांची वर नेली. १९८४ पासून दोघांनाही तेच, २५ टक्के किंवा ३०,००० डॉलर. १९५१ मध्ये सुरू झालेली मागणी पूर्ण व्हायला ३३ वर्षं लागली. कीओ तेव्हा ७६ वर्षांचे होते. २६ मे १९८९ ला न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं.

आज काय परिस्थिती आहे?

२०२५ सालासाठी अमेरिकेत स्वतःचा व्यवसाय करणारा माणूस अशा योजनेत वर्षाला जास्तीत जास्त ७०,००० डॉलर टाकू शकत होता. एकट्याचा धंदा असेल तर 'सोलो ४०१ के' हा पर्याय मिळतो. यात माणूस दोन टोप्या घालतो. २०२५ मध्ये कर्मचारी म्हणून २३,५०० डॉलरपर्यंत, आणि मालक म्हणून कमाईच्या २५ टक्क्यांपर्यंत. दोन्ही मिळून ७०,००० च्या आत. पन्नाशी गाठली असेल तर ७,५०० जास्त, आणि ६० ते ६३ या वयात ११,२५० जास्त.

यात एक गोची आहे, जिथे भलेभले चुकतात. स्वतःच्या धंद्यात हे २५ टक्के प्रत्यक्षात २० टक्केच होतात. कारण कमाई मोजताना फंडात टाकलेली रक्कम आधी वजा करायची असते. समजा धंद्याचा खर्च आणि सोशल सिक्युरिटी वगैरेंसाठीच्या स्वयंरोजगार टॅक्सचा निम्मा भाग वजा करून १,००,००० डॉलर उरले. मालक म्हणून टाकता येतात २०,०००. उरले ८०,०००. आणि ८०,००० चे २५ टक्के म्हणजे २०,०००. कंपनीच्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत हा घोळ नसतो, कारण मालकाने टाकलेले पैसे त्याच्या पगारातून जात नाहीत.

जुना आक्षेपही अजून तिथेच आहे. एवढी मोठी मर्यादा पूर्ण वापरायला भरपूर कमाई लागते. टॅक्सी चालवणाऱ्याला किंवा घरी केक करून विकणाऱ्या बाईला ही मर्यादा कधी आडवी येतच नाही. त्यांची अडचण शिल्लक पडण्याची असते. आक्षेप घेणारे आणि बाजू मांडणारे, दोघांचंही बरोबर होतं, म्हणून तर आकड्यावर एवढी वर्षं भांडण चाललं.

२००१ च्या कायद्यानंतर कीओ प्लॅनमध्ये वेगळं असं काही उरलं नाही आणि नाव हळूहळू मागे पडलं. साडेसत्तरची अट बदलून आधी ७२ आणि मग ७३ झाली. साडेएकोणसाठ मात्र तसंच आहे. आता ते फक्त स्वयंरोजगारवाल्यांपुरतं राहिलेलं नाही. कंपनीच्या ४०१ के खात्यातून आणि आयआरए खात्यातून पैसे काढतानाही हाच आकडा बघतात. त्याआधी काढले तर, काही अपवाद सोडले तर, नेहमीच्या टॅक्सवर १० टक्के जास्त भरावे लागतात. अमेरिकेत नोकरी-धंदा करणाऱ्या कितीतरी मराठी माणसांना हा आकडा तोंडपाठ आहे. ब्रुकलिनचे यूजीन कीओ मात्र त्यातल्या फार थोड्यांना माहीत असतील.